वाढलेला पी.एस.ए. : अहवालाचे वाचन आणि वैद्याचे काम

गेल्या काही वर्षांत जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील आपल्या चिकित्सालयांत एक नवा कागद वारंवार येऊ लागला आहे. पूर्वी रुग्ण साखरेचा, फार तर कोलेस्टेरॉलचा अहवाल घेऊन येत असे. आता ‘संपूर्ण शरीर तपासणी’ या नावाने मिळणाऱ्या सवलतीच्या योजनांत पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषांसाठी पी.एस.ए. ही तपासणीही अंतर्भूत असते. आपली अशी काही तपासणी होत आहे, हे पुष्कळदा रुग्णाला ठाऊकही नसते. अहवाल हाती पडतो, एक आकडा ठळक अक्षरांत छापलेला दिसतो, आणि घरातील कोणीतरी भ्रमणध्वनीवर त्याचा अर्थ शोधून काढतो. त्यानंतर त्या घरात रात्री कोणाला झोप लागत नाही.

पारोळा तालुक्यातील कापूस पिकविणारे एक सहासष्ट वर्षांचे गृहस्थ मुलासह आमच्याकडे आले, तेव्हा त्यांच्या अहवालावर ८.६ हा आकडा होता. मुलगा काही बोलेना. वडिलांनीच विचारले, “डॉक्टरसाहेब, माले क्यान्सर व्हयना का?” आम्ही अहवाल बाजूला ठेवला आणि महिनाभरातील वृत्तांत विचारला. बारा दिवसांपूर्वी एका लग्नात असताना रात्री त्यांची लघवी पूर्ण अडली होती, तालुक्याच्या गावी नळी घालून ती मोकळी करावी लागली, नळी तीन दिवस होती आणि मधे थंडी वाजून तापही आला होता. नळी निघाल्यावर आठवड्याच्या आत गावातील शिबिरात त्यांचे रक्त घेतले गेले. लघवी कधी अडली होती का, असे रक्त घेणाऱ्याने विचारले नव्हते. ते त्याचे कामही नव्हते. ते विचारणे आपले काम आहे.

आम्ही मूत्रपरीक्षण करून घेतले, जंतुसंसर्गाची चिकित्सा पूर्ण होऊ दिली आणि सात आठवड्यांनी त्याच प्रयोगशाळेत पुन्हा तपासणी करविली. आकडा ३.२ आला. ग्रंथी बोटाला मोठी, परंतु मऊ व सर्वत्र सारखी लागली. त्यांचा वृत्तांत येथे देण्याचा हेतू एवढाच, की वाढलेल्या पी.एस.ए.ची पहिली चिकित्सा औषध नसून विचारपूस आहे. मात्र प्रत्येक वाढलेला आकडा असा आपोआप खाली येत नाही, आणि खाली आलेला प्रत्येक आकडा निर्धास्त करणारा नसतो. दुसऱ्या बाजूचा अनुभवही आमच्या पदरी आहे. तो पुढे सांगणार आहोत.

हे द्रव्य आहे तरी काय?

प्रोस्टेट अर्थात पौरुषग्रंथीच्या पेशी एक प्रथिन तयार करतात. वीर्य बाहेर पडल्यावर ते प्रथम घट्ट होते आणि काही मिनिटांत पातळ होते. हे पातळ करण्याचे काम करणारे विकर म्हणजेच पी.एस.ए. वीर्यात त्याचे प्रमाण प्रचंड असते. रक्तात मात्र ते अत्यल्प, मिलिलिटरमागे काही नॅनोग्रॅम, एवढेच झिरपते. ग्रंथीची अंतर्रचना जोवर अभंग आहे तोवर हे द्रव्य आपल्या मार्गाने वाहते. ती रचना बिघडली, मग कारण शोथ असो, वृद्धी असो, इजा असो वा अर्बुद असो, की ते विमार्गाने रक्तात येते. आपल्या परिभाषेत हे विमार्गगमन होय. म्हणून हा आकडा ग्रंथीचा निदर्शक आहे, कर्करोगाचा नव्हे. एवढे एक वाक्य रुग्णाला समजले, तरी त्याचे निम्मे भय ओसरते असा आमचा अनुभव आहे.

सुश्रुताचार्यांनी अश्मरीनिदानाच्या प्रकरणात बस्ती, बस्तिशिर, पौरुष, वृषण आणि गुद हे परस्परसंबद्ध अवयव म्हणून एकत्र मोजले आहेत. उत्तरतंत्रात मूत्राघाताचे बारा प्रकार सांगताना बस्ती व मलमार्ग यांच्या मध्ये होणारी घट्ट, अचल, उंचावलेली गाठ वाताष्ठीला या नावाने वर्णिली आहे. वृद्धापकाळातील प्रोस्टेटच्या वृद्धीशी तिचे साम्य उघड आहे. तथापि वाताष्ठीला म्हणजे प्रोस्टेटचा कर्करोग, किंवा पी.एस.ए. वाढणे म्हणजे वाताष्ठीला, अशी थेट समीकरणे मांडण्याचा मोह आवरला पाहिजे. अर्बुदाचे वर्णन सुश्रुतांनी निदानस्थानात स्वतंत्र केले आहे. शरीराच्या एकाच जागी दोन भिन्न व्याधी एकाच वेळी नांदू शकतात, हे त्यांनाही मान्य असावे.

या तपासणीच्या इतिहासात एक मौज आहे. १९७० मध्ये रिचर्ड अ‍ॅब्लिन यांनी प्रोस्टेटमधील प्रतिजनासंबंधी शोध प्रसिद्ध केला. १९७९ मध्ये अमेरिकेतील रॉसवेल पार्क संस्थेत ते प्रथिन शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले. १९८६ मध्ये तेथील औषध प्रशासनाने तपासणीस मान्यता दिली ती, ज्यांना कर्करोग झालेला आहे अशा रुग्णांच्या पुढील पाठपुराव्यासाठी. निदानास साहाय्यक म्हणून, तीही गुदपरीक्षणाच्या जोडीने, मान्यता मिळाली १९९४ मध्ये. पुढे २०१० मध्ये याच अ‍ॅब्लिन यांनी वृत्तपत्रात लेख लिहून या तपासणीच्या सरसकट वापरावर कडक टीका केली. मूळ संशोधकालाच असे लिहावेसे वाटले, याचा विचार शिबिरे भरविणाऱ्यांनी अवश्य करावा.

चार या आकड्याचे माहात्म्य

अहवालावर ‘शून्य ते चार’ अशी मर्यादा छापलेली असते. त्यामुळे ३.९ म्हणजे सुखरूप आणि ४.१ म्हणजे संकट, असा समज होतो. निसर्गात अशी भिंत नाही. अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात, ज्यांचा पी.एस.ए. सात वर्षे सातत्याने चारच्या आत होता अशा २,९५० पुरुषांची शेवटी बायॉप्सी करण्यात आली, तेव्हा त्यांपैकी ४४९ जणांत, म्हणजे १५ टक्क्यांहून किंचित अधिक लोकांत, कर्करोगाच्या पेशी आढळल्या. हे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. उलट, चार ते दहा या पट्ट्यातील पुरुषांपैकी पाश्चात्त्य देशांत साधारणतः चौघांतील एकालाच कर्करोग निघतो, तिघांना नाही. दहाच्या वर ही शक्यता निम्म्याहून अधिक होते. हे आकडे तिकडचे आहेत, आपल्या भागाला ते जसेच्या तसे लावू नयेत. पण दिशा समजण्यास पुरेसे आहेत.

वयाचाही विचार करावा लागतो. ग्रंथी वयाबरोबर वाढते आणि तिच्यासोबत आकडाही. १९९३ मध्ये सुचविल्या गेलेल्या वयानुसार मर्यादा अशा आहेत : चाळिशीत २.५, पन्नाशीत ३.५, साठीत ४.५ आणि सत्तरीत ६.५. म्हणजे अठ्ठेचाळीस वर्षांच्या माणसाचा ३.६ हा आकडा चारच्या आत असूनही लक्ष वेधणारा आहे, आणि पंचाहत्तरीच्या आजोबांचा ५.५ तसा नाही.

पुन्हा तपासणीपूर्वी काय विचारावे

वैशाखात आपल्या खान्देशात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो. शेतात, बांधकामावर, दुचाकीवर दिवसभर फिरणारा माणूस पाणी कमी पितो आणि लघवीची आग घेऊन आपल्या दारी येतो. व्यायाम, प्रवास आणि ऊन ही उष्णवाताची शास्त्रोक्त कारणे या भागात एकदमच हजर असतात. यांपैकी काहींना जंतुसंसर्ग असतो आणि तो ग्रंथीपर्यंत पोहोचलेला असतो. अशा वेळी पी.एस.ए. दहा, वीस, क्वचित त्याहूनही पुढे जातो. संसर्ग पूर्ण बरा झाल्यावर सहा ते आठ आठवडे थांबूनच रक्त द्यावे. लघवी अडणे, नळी घालणे, दुर्बिणीची तपासणी, बायॉप्सी या सर्वांनंतरही किमान सहा आठवड्यांचे अंतर हवे.

आपल्या व्यवसायापुरती एक गोष्ट येथे जोडतो. उत्तरबस्ती म्हणजे मूत्रमार्गात उपकरण घालणेच होय. उत्तरबस्तीचा क्रम चालू असताना किंवा नुकताच संपला असताना पी.एस.ए. करविणे म्हणजे स्वतःच धूळ उडवून स्वतःच डोळे चोळणे. तपासणी करायची असेल तर ती क्रम सुरू करण्यापूर्वी करावी. अन्य बस्तींच्या बाबतीतही हाच शिरस्ता ठेवलेला बरा. गुदपरीक्षणाने आकड्यात पडणारा फरक नगण्य असतो, तरीही आधी रक्त व मग परीक्षण हा क्रम सोयीचा आहे.

तपासणीपूर्वी दोन दिवस शुक्रस्खलन टाळावे आणि लांबवर सायकल चालवू नये, हे रुग्णाला स्पष्ट शब्दांत सांगावे. वयस्कर माणसाशी हा विषय कसा काढावा, म्हणून आपण गप्प बसतो. पथ्यापथ्य सांगताना मैथुनाचा उल्लेख आपल्याकडे निःसंकोच होतो, त्याच सुरात हेही सांगता येते.

पुनर्तपासणी शक्यतो त्याच प्रयोगशाळेत व्हावी, कारण निरनिराळ्या संचांचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत. तालुक्याच्या संकलन केंद्रातून नमुना मुंबईला जात असेल, तर मुक्त पी.एस.ए.च्या बाबतीत विशेष दक्षता हवी. तो अंश लवकर नाश पावतो. रक्तजल वेळेवर वेगळे करून थंड ठेवले नाही, तर त्याचे प्रमाण खोटे कमी दिसते.

आणखी एक. “माझी प्रोस्टेटची गाठ काढलेली आहे” असे सांगणारे रुग्ण येतात. दुर्बिणीने होणाऱ्या नेहमीच्या शस्त्रक्रियेत मूत्रमार्गाला दाबणारा आतील भाग तेवढा खरवडतात. बाहेरील भाग तसाच राहतो, आणि कर्करोग बहुतांशी त्या बाहेरील भागातच उद्भवतो. म्हणून पूर्वी शस्त्रक्रिया झालेल्याचा वाढता आकडा दुर्लक्षू नये.

उतरलेला आकडा : आमची एक चूक

काही वर्षांपूर्वी धुळे जिल्ह्यातील एक सेवानिवृत्त शिक्षक आमच्या चिकित्सेत होते. रात्री चार वेळा उठावे लागे, धार बारीक झाली होती. पी.एस.ए. ९.२ होता. शहरातील तज्ज्ञांनी गोळ्या दिल्या होत्या आणि तीन महिन्यांनी पुन्हा बोलावले होते. ते गेले नाहीत. गोळ्या मात्र चालू ठेवल्या आणि सोबत आमचे औषध सुरू केले. आम्ही गोक्षुरादि गुग्गुळ, चंद्रप्रभा आणि वरुणादि क्वाथ दिला. धार सुधारली, झोप लागू लागली. दहा महिन्यांनी आकडा ६.८ आला. आम्ही केसपेपरवर ‘उपशय’ असे लिहिले आणि त्यांचे अभिनंदन केले. पुढील वर्षी तो ८.९ झाला. पहिल्यापेक्षा कमीच आहे, असे आम्ही म्हणालो. मग कंबर दुखू लागली. वय सत्तरीकडे झुकलेले, आयुष्यभर उभे राहून शिकविलेले. आम्ही कटिशूल समजून स्नेहन-स्वेदन केले. चार महिन्यांनी पायांतील बळ कमी झाले, तेव्हा त्यांना पुढे पाठविले. हाडांत कर्करोग पसरलेला होता.

चूक कोठे झाली? त्यांच्या गोळीत ड्युटास्टेराइड होते. हे औषध आणि त्याचेच भावंड फिनास्टेराइड, ही दोन्ही सहा ते बारा महिन्यांत पी.एस.ए. जवळजवळ निम्मा करतात. म्हणून ही औषधे घेणाऱ्याचा आकडा दुप्पट करून वाचावा लागतो. ९.२चे ४.६ व्हायला हवे होते. ६.८ आले, म्हणजे खरा आकडा १३.६ होता, ८.९ म्हणजे १७.८. आम्ही ज्याला उतार म्हटले तो चढ होता. त्यांच्या पिशवीतील गोळ्यांची पट्टी पाहण्यास एक मिनिट लागले असते. आम्ही ती पाहिली नाही, कारण त्या ‘दुसरीकडच्या’ होत्या.

हीच बाब केसांच्या गोळ्यांची. टक्कल थांबविण्यासाठी घेतली जाणारी एक मिलिग्रॅमची फिनास्टेराइडची गोळीदेखील पी.एस.ए. तितकाच खाली आणू शकते. तरुण दिसण्याची हौस पन्नाशीतही असते. ही औषधे घेताना आकडा एकदा तळाला गेल्यावर पुन्हा वर सरकू लागला, तर तो चारच्या आत असूनही धोक्याची सूचना आहे. टॅमसुलोसिनने आकडा बदलत नाही, एवढा भेद लक्षात ठेवावा. केस व नखांसाठी मोठ्या मात्रेत विकले जाणारे बायोटिन काही प्रकारच्या रक्तचाचण्यांतच गोंधळ घालते आणि पी.एस.ए. खोटा कमी दाखवू शकते. तपासणीपूर्वी ते दोन-तीन दिवस बंद ठेवावे.

वनौषधींच्या संदर्भातील एक उदाहरण प्रत्येक औषधनिर्मात्याने जाणून घ्यावे असे आहे. अमेरिकेत १९९६ पासून पी.सी.-स्पेस नावाचे आठ वनस्पतींचे मिश्रण प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी विकले जात होते. बहुतेक वनस्पती चिनी परंपरेतील होत्या. रुग्णांचे पी.एस.ए. खरोखर खाली येत होते. नामांकित संस्थांनी त्यावर संशोधन आरंभिले होते. २००२ मध्ये त्यात कृत्रिम स्त्री-संप्रेरक डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉल, रक्त पातळ करणारे वॉर्फरिन आणि वेदनाशामक इंडोमेथासिन यांची भेसळ सिद्ध झाली व ते बाजारातून मागे घ्यावे लागले. खाली येणारा आकडा वनस्पतींचे श्रेय म्हणून मिरविला जात होता. त्या वनस्पतींत काही गुण होता की नाही, हा प्रश्न त्या गोंधळात कायमचा बुडाला. भेसळ करणारा सर्वांत मोठे नुकसान त्या औषधाचेच करतो.

आता आपल्या औषधांविषयी. मूत्रप्रवृत्तीच्या तक्रारींत आपण देत असलेल्या कल्पांचा उपयोग आपण रोज पाहतो आणि तो नाकारण्याचे कारण नाही. पण त्या तक्रारी ग्रंथीच्या आतील भागाच्या वृद्धीमुळे होतात. बाहेरील भागातील आरंभीचा कर्करोग मुका असतो. तो लघवी अडवत नाही, दुखत नाही. त्यामुळे ‘धार सुधारली, म्हणजे धोका टळला’ हा युक्तिवाद मुळातच लंगडा आहे. शिवाय आकडा स्वतःहूनही हालतो. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, ज्यांचा पी.एस.ए. एकदा चारच्या वर गेला होता अशांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक पुरुषांचा आकडा नंतरच्या एखाद्या वार्षिक तपासणीत कोणत्याही चिकित्सेशिवाय चारच्या आत आलेला होता. म्हणजे दहांपैकी चौघांना आपण काहीही दिले असते, तरी ‘गुण’ आला असता. अशा चौघांच्या अहवालांवर लेख लिहिणे सोपे आहे, आणि तसे लेख आपल्या क्षेत्रात लिहिले गेलेले आम्ही वाचले आहेत.

कोणाला थांबवू नये

सहा-आठ आठवडे थांबण्याचा सल्ला सर्वांसाठी नाही. पाठीत वा कटिरात रात्री वाढणारी वेदना, पायांत शक्तिक्षय, कारणाविना वजन घटणे, लघवीतून रक्त, किंवा संसर्गाचे लक्षण नसताना वीसच्या पुढचा आकडा, यांपैकी काही असेल तर त्याच आठवड्यात पुढे पाठवावे. पाय लुळे पडू लागले असतील तर त्याच दिवशी. गुदपरीक्षणात ग्रंथी दगडासारखी कठीण, उंचसखल किंवा एका बाजूस गाठ असलेली लागली, तर आकडा दोन असला तरी ते पुरेसे कारण आहे. हे परीक्षण आपल्या शिक्षणक्रमात आहे. व्यवहारात मात्र आपल्यापैकी थोडेच ते करतात. रुग्ण संकोचतो असे आपण म्हणतो. आमच्या मते संकोच बहुधा टेबलाच्या अलीकडच्या बाजूस असतो. तीव्र ताप असलेल्या शोथात मात्र ग्रंथी चोळू नये.

आकडा पुनर्तपासणीतही वाढलेला राहिला, तर पुढचा मार्ग आता पूर्वीइतका उग्र राहिलेला नाही. चार ते दहा या पट्ट्यात मुक्त पी.एस.ए.चे एकूण प्रमाणाशी गुणोत्तर पाहतात. ते पंचवीस टक्क्यांच्या वर असेल तर कर्करोगाची शक्यता बरीच कमी, दहाच्या खाली असेल तर बरीच अधिक. सोनोग्राफीत मिळालेल्या आकारमानाने एकूण आकड्यास भागतात, भागाकार ०.१५च्या वर गेला तर संशय वाढतो. ऐंशी घनसेंटिमीटरच्या ग्रंथीतील आठ आणि पंचवीसच्या ग्रंथीतील आठ, यांत केवढे अंतर आहे हे या साध्या भागाकाराने दिसते. पहिल्यात ०.१०, दुसऱ्यात ०.३२. २०१७ व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या अभ्यासांनंतर बायॉप्सीपूर्वी एम.आर.आय. करण्याची पद्धत रूढ झाली. त्यामुळे काहींची बायॉप्सी टळते, आणि ज्यांची करावी लागते त्यांची सुई नेमकी जागी जाते. चित्र काढणे जिल्ह्याच्या ठिकाणी जमते. ते वाचणारा प्रोस्टेटचा जाणकार असावा, हे मात्र आवर्जून पाहावे.

“सुई लावली की गाठ पसरते,” ही समजूत आपल्या भागात खोल रुजलेली आहे आणि, खेदाने म्हणावे लागते, तिला खतपाणी घालण्यात आपलाही वाटा आहे. प्रोस्टेटच्या बायॉप्सीचे खरे धोके संसर्ग आणि रक्तस्राव हे आहेत, आणि ते रुग्णाला सांगावेत. सुईमुळे रोग फैलावतो या भीतीने निदान वर्षभर लांबविणे ही त्याहून मोठी हानी होय. तसेच निदान झाले म्हणजे शस्त्रक्रिया अटळ, असेही नाही. मंद प्रकृतीच्या, कमी धोक्याच्या कर्करोगात ठराविक अंतराने पी.एस.ए., परीक्षण व एम.आर.आय. करीत केवळ लक्ष ठेवणे ही आज मान्य पद्धती आहे. हे ऐकून पुष्कळ रुग्ण तपासणीस तयार होतात.

पाठवायचे कोठे? धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावातही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जळगावकरांना छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय जवळचे पडते. मुंबईस परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात जाणाऱ्यांना पहिला प्रश्न उपचाराचा नसतो, राहण्याचा असतो. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती ही दोन नावे चिठ्ठीच्या मागे लिहून द्यावीत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी शिधापत्रिका व आधारपत्र सोबत नेण्यास सांगावे. चिठ्ठीत आपण दिलेली औषधे मात्रेसह लिहावीत. ती लपविल्याने आपला मान वाढत नाही.

मुळात तपासणी कोणी करावी?

राष्ट्रीय कार्यक्रमात मुख, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांची चाळणी होते. प्रोस्टेटचा त्यात समावेश नाही. युरोपातील आठ देशांतील १,६२,००० पुरुषांच्या अभ्यासाचे तेवीस वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले. तपासणीस बोलाविलेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू तेरा टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे ४५६ पुरुषांना बोलाविल्यावर एक मृत्यू टळला, आणि त्या एकासाठी बारा अधिक पुरुषांच्या माथी कर्करोगाचे निदान आले. लाभ आहे, पण त्याची किंमतही आहे. पंचावन्न ते एकोणसत्तर या वयात ही किंमत समजावून सांगून रुग्णाला ठरवू द्यावे, सत्तरीनंतर तक्रार नसलेल्यास नेमाने तपासू नये, अशी अमेरिकेतील तज्ज्ञमंडळाची २०१८ची शिफारस आहे. वडील वा भाऊ यांस हा रोग झालेला असेल, तर त्याचा विचार थोडा लवकर करावा. गावातील शिबिरात मांडव घालून, सत्तर-ऐंशीच्या वृद्धांची रांग लावून, काही न सांगता पी.एस.ए. काढणे आम्हास उचित वाटत नाही. मग ते शिबिर आपल्या संघटनेचे का असेना.

औषधी विक्रेते बंधूंसाठी दोन गोष्टी. औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ याच्या अनुसूचीत कर्करोगाचा समावेश आहे, हे बहुतेकांना ठाऊक असते. ‘प्रोस्टेट ग्रंथीचे विकार’ हेही त्याच अनुसूचीत आहेत, हे थोड्यांना. ‘प्रोस्टेटवर हमखास’, ‘पी.एस.ए. कमी करणारे’ असे फलक, पत्रके किंवा भ्रमणध्वनीवरील संदेश या कायद्याच्या कक्षेत येतात, आणि त्यांवर दुकानाचे नाव असते. दुसरी गोष्ट नित्याची आहे. आपल्या दुकानी काढ्याची बाटली मागणारा साठीचा गिऱ्हाईक “पी.एस.ए. वाढला आहे, काहीतरी द्या” म्हणाला, तर बाटली बांधण्यापूर्वी त्याला तीन गोष्टी विचाराव्यात : रक्त कधी दिले, त्याआधी लघवी अडली किंवा ताप आला होता का, आणि सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत. उत्तरे त्याच्याच अहवालाच्या मागे पेन्सिलीने लिहून द्यावीत आणि तो कागद त्याने ज्या वैद्याकडे किंवा डॉक्टरांकडे न्यावा त्याचे नाव खाली घालावे.

पारोळ्याच्या गृहस्थांचा कागद आमच्याकडे आहे. त्यावर दोन आकडे, दोन तारखा, प्रयोगशाळेचे नाव, नळी काढल्याचा दिवस, ‘ड्युटास्टेराइड नाही’ अशी नोंद, आणि पुढील तपासणीचा महिना लिहिला आहे. त्या महिन्यात कापूस वेचणी असते. ते येतील की नाही सांगता येत नाही, म्हणून मुलाचा दूरध्वनी क्रमांकही लिहून ठेवला आहे.